लक्ष्मीची कांती

नवरात्राच्या आधीचे दोन-तीन आठवडे मैलापूरच्या उत्तर माडा रस्त्यावर चालायला जागा नसते. कपालीश्वराच्या तळ्याच्या त्या अंगाला बाहुल्यांची दुकाने लागतात. गोलूच्या पायऱ्यांवर मांडायच्या मातीच्या आणि कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या: दशावतार, अष्टलक्ष्मी, लग्नाचे वऱ्हाड, पोट सुटलेला चेट्टियार आणि त्याच्या पुढ्यातले वाण्याचे दुकान. दोन वर्षांपूर्वी तिथे एका दुकानदाराला मी विचारले, "सावळ्या रंगाची लक्ष्मी आहे का?" त्याने मागच्या फळीवर नजर टाकली, मग माझ्याकडे पाहिले आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "काळी हवी असेल तर काली आहे, अम्मा. लक्ष्मी अशीच येते."

माझा प्रश्न अगदीच आकाशातून पडलेला नव्हता. लक्ष्मी 'अशीच' का यावी, असे याच शहरातल्या दोघांनी त्याआधी जाहीरपणे विचारले होते. डिसेंबर २०१७ मध्ये चेन्नईचे छायाचित्रकार नरेश नील आणि जाहिरात क्षेत्रातले भारद्वाज सुंदर यांनी 'डार्क इज डिव्हाइन' नावाची सात छायाचित्रांची मालिका प्रसिद्ध केली. लक्ष्मी, सरस्वती, दुर्गा, लव-कुशांसह सीता, शंकर, मुरुगन आणि बाळकृष्ण. सातही ठिकाणी सावळ्या आणि काळ्या वर्णाची माणसे घेतलेली. काही दिवसांत ती चित्रे देशभर फिरली, परदेशी वृत्तसंस्थांनी त्यांच्या बातम्या केल्या. कौतुक पुष्कळ झाले आणि आक्षेपही आले. वाद झाला तो शब्दांचाच. कुणी काही फोडले नाही, कुणाला लपून राहावे लागले नाही. कदाचित म्हणूनच ही मालिका लवकर विसरली गेली. मला मात्र ती अजून पुरती उलगडलेली वाटत नाही. तिची बाजू घेणाऱ्यांनी तिच्यात जे पाहिले ते तिच्यात पूर्णपणे नाही, आणि तिला मोडीत काढणाऱ्यांनी जे नाकारले ते नाकारता येण्यासारखे नाही.

आधी आक्षेप पाहू. त्यातला एक अगदी किरकोळ: हा गोऱ्या देवतांवर अन्याय आहे. त्याच्यावर वेळ घालवायचे कारण नाही. दुसरा अधिक वजनदार आहे. आपले देव सावळे आहेतच, मग यात नवे काय? राम सावळा, कृष्णाचे नावच काळा, द्रौपदीला कृष्णा म्हणतात, कालीबद्दल तर बोलायलाच नको. मराठी माणसाला हा आक्षेप चटकन पटतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे विठोबा उभा राहतो. काळ्या पाषाणाचा आणि तसाच हवा असलेला.

पण हा आक्षेप पोथीत खरा आहे, भिंतीवर नाही. मैलापुरातल्या कुठल्याही जुन्या घराच्या पूजेच्या खोलीत जा. तिथे बहुधा तंजावर शैलीतला बाळकृष्ण असतो. लोण्याचा गोळा हातात, सोन्याचा वर्ख लावलेला, काचेचे खडे बसवलेला. त्याच्या नावाचा अर्थ काळा, पण अनेक तंजावरी चित्रांत तो गोरापान, कधी कधी तर लोण्याच्याच रंगाचा असतो. ही शैली बहरली ती तंजावरच्या मराठी राजांच्या आश्रयाने. तेव्हा 'कृष्ण तर सावळाच आहे' असे म्हणताना आपण थोडे जपून बोलावे. त्याला गोरा करणाऱ्या हातांना आपल्याच लोकांनी मानधन दिले होते.

उलट बाजूनेही जपावे लागते. मालिकेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे साधारण असे होते: देव मुळात आपल्यासारखे काळेसावळे, त्यांना कॅलेंडरवाल्यांनी आणि टीव्हीवाल्यांनी गोरे केले. हेही अर्धेच खरे. सरस्वतीचे संस्कृत ध्यान तिला कुंदाच्या फुलासारखी, चंद्रासारखी, हिमासारखी शुभ्र म्हणते. शंकराला कर्पूरगौर म्हणतात. ती शुभ्रता कुणा छापखान्याने आणलेली नाही. मात्र ती माणसाच्या कातडीचा रंगही नाही. कापरासारखा माणूस कुणी पाहिलेला नसतो. कापूर, चंद्र, हिम, तसेच मेघ, नीलमणी, अळशीचे फूल ही ध्यान करणाऱ्याच्या मनाला दिलेली ठिकाणे आहेत. त्यांना वर्ण म्हणायचे ते रंग या अर्थाने. कातडी या अर्थाने वर्ण आला तो नंतर, देवाला माणसासारखे हुबेहूब रंगवण्याची ओढ लागल्यावर.

ती ओढ घराघरात पोचली तिच्या वाटेवर मैलापूर लागते, आणि मराठीही. सर टी. माधवराव हे तंजावर मराठी. जन्म कुंभकोणमचा, १८२८ सालचा. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग इंदूर, मग १८७५ ते १८८२ बडोद्याचे. शेवटची वर्षे त्यांनी मद्रासेत काढली आणि १८९१ मध्ये मैलापुरातच त्यांचे निधन झाले. राजा रविवर्म्याची त्रावणकोरपासूनची ओळख त्यांना होती, आणि बडोद्याच्या दरबाराचे दार त्याच्यासाठी उघडले तेही त्यांच्यामुळे. १८८४ मध्ये त्यांनी रविवर्म्याला सुचवले, की तुझी चित्रे हवी असणारे लोक पुष्कळ आहेत, तुला हात दोनच. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या तैलरंगी छापील प्रती काढाव्यात. सल्ला व्यवहारी होता आणि त्यामागे देशसेवेची भावनाही होती. माधवरावांच्या हयातीत तो फळाला आला नाही. १८९४ मध्ये रविवर्म्याचा छापखाना निघाला तो युरोपात नव्हे, मुंबईत. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी आणि सरस्वती देशभरच्या भिंतींवर गेल्या. ज्यांना देवळाच्या उंबऱ्याच्या आत जाता येत नव्हते त्यांच्याही भिंतींवर गेल्या, हे त्या छापखान्याचे ऋण कुणी विसरू नये.

पण त्याबरोबर एक चेहराही गेला. रविवर्म्याने प्रत्यक्ष स्त्रिया समोर बसवून देवी रंगवल्या. गायिका अंजनीबाई मालपेकर यांनी त्याच्या चित्रांसाठी बैठक दिली हे सर्वांना माहीत आहे. देवीला नेसवायचे काय, यावर त्याने बराच विचार केला आणि उत्तर म्हणून साडी निवडली. हे सगळे करताना त्याने एक विशिष्ट कांतीही निवडली. उजळ, गुलाबी छटेची, तैलरंगात खुलणारी. रंगीत शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. देवीच्या गालाची छटा अशी एकावर एक ठसे घेत जमवावी लागते. ती एकदा जमली की छापखाना ती सहसा बदलत नाही. 'लक्ष्मी अशीच येते' या दुकानदाराच्या वाक्याचा उगम इथे आहे. बाहुली रंगवणाऱ्या कुंभाराने ती कॅलेंडरवरून घेतली, कॅलेंडरवाल्याने जुन्या छापावरून.

आता तळ्याच्या पलीकडे देवळात चला. कपालीश्वराच्या देवळात गाभाऱ्यातल्या मूर्ती काळ्या पाषाणाच्या, तेलाने आणि धुराने आणखी काळ्या झालेल्या. कर्पगांबाळेचे दर्शन घ्यायला शुक्रवारी रांग लागते, तिच्यात उभ्या असलेल्या कुणाला देवी काळी आहे याचे काही वाटत नाही. अभिषेकाला दूध पडते तेव्हा ती पांढरी होते, हळदीने पिवळी होते, चंदनाचा लेप दिला की चंदनी. मग रेशीम आणि फुले. एकाच सकाळी तिचे चार रंग पाहून माणूस घरी जातो. देवळात रंग ही वेळेची गोष्ट आहे. आणि गाभाऱ्यात छायाचित्र काढू देत नाहीत. त्यामुळे भाविक बाहेर येतो, रस्त्यावरच्या दुकानातून छापील देवी विकत घेतो, आणि घरी जी देवी रोज दिसते ती ही दुसरी असते. एक देवी काळ्या पाषाणातली. दुसरी जिच्यावरून आली तो छापखान्यातला दगड फिकट पिवळसर चुनखडीचा. भक्ताला दोन्ही एकच वाटतात. म्हणूनच त्याच्या मनात विरोध कधी उभा राहत नाही: काळ्या देवीपुढे हात जोडून तो घरी येतो आणि मुलासाठी गोरी मुलगी पाहतो.

नील आणि सुंदर यांची मालिका या दुसऱ्या देवीशी भांडते, पहिलीशी नाही. हे ध्यानात आले की 'धर्मावर आघात' हा शब्दप्रयोग आपोआप गळून पडतो. हे भांडण धर्माशी नाही, छपाईशी आहे. पण भांडते कशी?

लक्ष्मीचे चित्र समोर ठेवून पाहावे. रेशीम, दागिने, कमळ. सरस्वतीच्या हातात वीणा, मुरुगनच्या हातात वेल हे शस्त्र. मुद्रा शांत, ओठांवर ते ठरलेले स्मित. प्रकाश असा, की सोने आधी चमकावे आणि मग कातडी. रविवर्म्याच्या छापात जे जे होते ते सगळे जागच्या जागी आहे, एक रंग सोडून. माणसे सुंदर आहेत, आणि तीही जाहिरातीला हवी तशी सुंदर: सडपातळ, नाक-डोळे रेखीव, कातडीवर एक डाग नाही. काळी आहे पण नाकीडोळी नीटस, असे आपल्याकडे म्हणतात ना, त्यातला 'पण' या चित्रांतून गेलेला नाही. त्याची जागा फक्त बदलली आहे. देवीपणाचे बाकी सगळे निकष पूर्ण करून मग रंगापुरती सवलत मागितल्यासारखे ते वाटते.

मालिकेचे नावही तपासावे. चेन्नईतल्याच 'विमेन ऑफ वर्थ' या संस्थेने २००९ मध्ये 'डार्क इज ब्युटिफुल' ही मोहीम सुरू केली होती. पुढे नंदिता दास तिच्यात आल्यावर ती सर्वांपर्यंत पोचली. 'डार्क इज डिव्हाइन' हे त्याच घोषणेचे पुढचे पाऊल. मोहिमेला घोषणा लागते. चित्राला लागत नाही. उलट घोषणा चित्राच्या आधी येऊन उभी राहिली की पाहणारा वाक्य वाचतो आणि चित्र त्या वाक्याचा पुरावा म्हणून तपासतो. आंद्रे सेरानोचे १९८७ सालचे 'पिस ख्राइस्ट' हे छायाचित्र नुसते पाहिले तर सोनेरी-तांबूस उजेडात बुडालेला क्रूस दिसतो, जवळपास भक्तिचित्र. तो उजेड मूत्राचा आहे हे नाव सांगते आणि मग चित्र आणि नाव यांची झुंज लागते. त्या झुंजीपायीच २०११ मध्ये आव्हिन्यो इथे त्यावर हातोडा चालला. इथे नाव आणि चित्र यांच्यात झुंज नाही. दोघे एकच गोष्ट सांगतात, आणि ती आपल्याला चित्र पाहण्याआधीच मान्य असते.

ज्यांना हे बोलणे फार कठोर वाटेल त्यांनी बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांचे काम शेजारी ठेवून पाहावे. २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी यांच्याबरोबर त्यांनी 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' ही छायाचित्रमालिका केली. त्यात रविवर्म्याची लक्ष्मी त्या स्वतःच होऊन उभ्या राहिल्या. पण मागचा पडदा पडदाच दिसतो, सोंग सोंगच राहते. नाटक कंपनीच्या रंगमंचासारखे सगळे उघडे ठेवल्यामुळे आपण विचारू लागतो: ही देवी कुणी रचली, कशाकशाने रचली? चौकटच प्रश्नाखाली येते. नील-सुंदर यांची चौकट पक्की आहे, सोनेरी आहे, आणि तिच्याबद्दल त्यांच्या मनात प्रेमच आहे. त्यांना ती मोडायची नाही. तिच्या आत जागा हवी आहे.

जागा कुणाला हवी आहे याचाही विचार करावा. सात चित्रांत काली नाही. ती काळीच असल्यामुळे तिच्यात बदलण्यासारखे काही नव्हते, असे उत्तर देता येईल. पण त्यातून एक वाटणी तशीच राहते: भीतीचा काळा रंग वेगळा, सौंदर्याचा वेगळा. माझा दुकानदार नेमके हेच म्हणत होता. काळी हवी तर काली घ्या. आणि तमिळ मुलखात काळे देव शोधायला स्टुडिओत जावे लागत नाही. करुप्पसामीच्या नावातच काळा रंग आहे. तो गावाच्या वेशीवर उभा असतो, कोयता घेऊन, मिशा पिळलेला. त्याला कोंबडे चढते, दारू चढते, चिरूट चढतो. आपल्या म्हसोबा-वेताळाचाच तो गोतावळा. त्याला या मालिकेत बोलावणे नाही. बोलावणे गेले ते कॅलेंडरवर आधीच बसलेल्या देवांना, नवा रंग लावून घेण्यासाठी.

वेशीवरच्या देवांची रीत चित्रात आली तर काय होते ते पुढे २०२२ मध्ये दिसले. तमिळ दिग्दर्शिका लीना मणिमेकलै यांच्या 'काली' या चित्रपटाच्या जाहिरात-चित्रात त्या स्वतः कालीच्या वेषात सिगारेट ओढताना दिसतात. तक्रारी, गुन्हे, धमक्या. टोरांटोतल्या आगा खान संग्रहालयाने दिलगिरी व्यक्त करून प्रदर्शनातून तो काढून टाकला. तमिळ गावांत देवाला चिरूट देतात, हे सांगून तेव्हा काही उपयोग झाला नाही. मला त्या चित्राची वकिली इथे करायची नाही. त्याचा घाव कुणाला खरोखर लागला असेल, तर 'तुझ्या भावना खोट्या' असे म्हणायचा अधिकार समीक्षेला नाही. पण तुलना काही शिकवते. देवीची कातडी काळी केली तर देशभर कौतुक होते. तिची वागणूक बदलली तर पोलीस येतात. आपल्याला काळी देवी चालते, ती गोऱ्या देवीसारखी वागली तर.

इथवर लिहून मी हा लेख संपवला असता तर तो चुकीचा झाला नसता. पण खराही झाला नसता.

मी मैलापुरात वाढले. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इकडे आलो तेव्हा मी चार वर्षांची होते. माझा रंग वडिलांवर गेलेला. पुण्याची आजी दर सुट्टीत मला मांडीवर घेऊन साय लावायची आणि म्हणायची, "विठोबा गं माझा!" त्यात माया होती हे मला तेव्हाही कळत होते. विठोबा म्हणजे काय तेही कळत होते. आठवीत असताना शाळेच्या नवरात्रोत्सवात नऊ मुली नऊ देवी व्हायच्या होत्या. पाठांतर माझे चांगले होते, उंचीही बरी होती. बाईंनी रांगेवरून हात फिरवला आणि मला महिषासुर केले. वर समजावले, "तुझा आवाज मोठा आहे." माझा आवाज मोठा नव्हता. जी मुलगी दुर्गा झाली ती माझी मैत्रीण, तिने त्रिशूळ टेकवताना हळूच विचारले, "लागलं का गं?" पुढे लग्नाच्या वेळी ज्या जाहिराती वाचल्या त्यांत गोरी, गव्हाळ, निमगोरी एवढे शब्द होते. सावळी हा शब्द मराठीत फक्त विठ्ठलासाठी राखून ठेवला आहे की काय असे तेव्हा वाटायचे. १९७५ पासून बाजारात असलेल्या गोरेपणाच्या मलमाचे नाव २०२० मध्ये बदलले. जाहिरातीतले शब्दही आता बदलत आहेत. फोटोतला उजेड मात्र वाढत चालला आहे.

त्या डिसेंबरात ती लक्ष्मी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चौकट, घोषणा, रविवर्मा यांतले काहीही मनात आले नाही. मला माझी आठवीतली रांग दिसली. चित्राच्या बाबतीत हे घडते ते छायाचित्र असल्यामुळेच घडते. रंगवलेल्या देवीचा रंग हा रंग असतो. डबीत होता, कुंचल्यावर आला. छायाचित्रातला रंग कुणाच्या तरी अंगावर असतो. ती मुलगी त्या दिवशी स्टुडिओत आली, तिच्या हातात कमळ दिले गेले, आणि कुणीतरी म्हणाले, हलू नकोस, अशीच राहा. हे प्रत्यक्ष झाले आहे. त्या रंगाच्या एका मुलीला कुणीतरी लक्ष्मी म्हणून उभे केले, एवढी एक गोष्ट त्या चित्रात कागदोपत्री नोंदल्यासारखी पक्की आहे, आणि ती कुठल्याही थोर चित्रकाराला रंगवून सिद्ध करता आली नसती. चित्र म्हणून ते भित्रे आहे, नोंद म्हणून नाही. माझ्या मते त्याचे मोल या नोंदीत आहे, आणि समीक्षकाने चौकटीकडे पाहत असताना तिच्यावरून पाय देऊन जाऊ नये.

राहिला एकच प्रश्न. अशा चित्रापुढे कुणी निरांजन लावील का? धार्मिक प्रतिमेची कसोटी शेवटी ती आहे. दालनात टांगली जाणे ही नव्हे. छायाचित्राची पूजा होत नाही, असे नाही. रामकृष्ण परमहंसांचे समाधी अवस्थेतले छायाचित्र मैलापूरच्या मठापासून जगभर पूजले जाते. शिर्डीच्या साईबाबांची १९५४ साली बसवलेली संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांनी छायाचित्रावरून घडवली. नरसिंहस्वामींनी उभारलेले साईमंदिर मैलापुरातच आहे आणि गुरुवारी तिथे पाऊल ठेवता येत नाही. पण तिथे फोटोतला माणूस आणि पूजेतला देव एकच आहेत. मॉडेलच्या बाबतीत तसे नसते. तिथे पाहणाऱ्याने माणूस विसरावा लागतो, जसे आपण अंजनीबाईंना विसरलो. 'डार्क इज डिव्हाइन' मधली लक्ष्मी आपल्याला ते विसरू देत नाही, कारण तिचा रंग पुन्हा पुन्हा म्हणतो, मला पाहा, मी कोण आहे ते पाहा. माडा रस्त्यावरच्या दुकानांत मला ही चित्रे कधी विकायला दिसली नाहीत. तिथे ती ज्या दिवशी कुणाच्या लक्षात न येता बाकीच्या लक्ष्म्यांमध्ये टांगलेली असतील, त्या दिवशी तिचे काम झाले. आणि त्या दिवशी तिच्यावर लेख लिहायचेही कारण उरणार नाही.

त्या संध्याकाळी मी लक्ष्मी न घेताच घरी आले. गोलूची पेटी उघडली. मांडणीची सुरुवात मरप्पाच्चीने करायची असते: लाकडाची जोडी, नवरा आणि बायको, न रंगवलेली, रक्तचंदनाचा काळपट तांबडा रंग. दरवर्षी त्यांना घरातल्या मुलींनी नवे कपडे शिवायचे. माझी सात वर्षांची भाची मांडी घालून बसली होती. तिने बायको-बाहुली उचलली, जरीची चिंधी गुंडाळली, पदर काढला, कपाळावर कुंकवाचा ठिपका दिला. मग तिला पहिल्या पायरीवर ठेवताना म्हणाली, "आत्या, ही लक्ष्मी होऊ दे."

मी हो म्हणाले. पेटीत खाली गुलाबी गालांची जुनी लक्ष्मीही होती, आजीने दिलेली. तिलाही काढली, फडक्याने पुसली आणि शेजारी ठेवली.